कान तयार करायचाय? आधी केबल गुंडाळा!

आरती संपली, सगळे प्रसादाकडे वळले आणि तुम्ही मात्र मंडपाच्या कोपऱ्यात, मिक्सरवाल्या दादाच्या मागे उभे! माईकची शिट्टी त्यानं कशी थांबवली, हेच बघताय. पेण असो की रोहा, प्रत्येक आळीत असं एक तरी कार्टं असतंच. ते तुम्हीच असाल, तर साउंड इंजिनीअरिंगचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलेलं असणार. आणि घरचे विचारत असणार, "धाटावला कंपन्या असताना हे काय नवीन?"

प्रश्न रास्त आहे. कारण यात पैसा आणि उमेदीची वर्षं दोन्ही लागतात. म्हणून फी भरण्याआधी हे शिक्षण नेमकं कसं होतं, ते समजून घ्या.

पेणच्या गणपती कारखान्यात पहिल्याच दिवशी कुणाच्या हाती डोळ्यांची आखणी देत नाहीत. आधी पॉलिशपेपरनं मूर्ती घासायची. स्टुडिओतही तसंच. पहिले काही आठवडे केबल गुंडाळा, स्टँड लावा. कंटाळा येतो राव! पण पिळून गुंडाळलेली केबल आतून तुटते आणि ऐन रेकॉर्डिंगमध्ये खरखर सुरू होते. एकदा असा टेक वाया गेला, की केबल कशी गुंडाळायची हे जन्मात विसरत नाही.

मग येतो माईक. कंडेन्सर माईकला बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, साध्या डायनॅमिकला नाही. हे पुस्तकातही मिळेल. पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीपासून माईक वीतभर लांब ठेवायचा की हातभर, हे कान सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दुसरा माईक ३४ सेंटीमीटर मागे असला, तर त्यात आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले, की भरदार गळासुद्धा पोकळ वाटू लागतो. वाचायला एक मिनिट लागलं. ओळखायला मात्र माईक शंभरदा सरकवावा लागतो.

परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाईंनी कितीतरी चित्रपटांचं ध्वनिमिश्रण केलं. १९७५चा 'शोले' त्यांपैकीच. तेव्हा संगणकावरचं 'अनडू' नव्हतं. सगळी मदार कान आणि हात यांवर. म्हणून शाळा नकोच, असं नाही. 'स्लमडॉग मिलेनियर'साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी पुण्याच्या एफटीआयआयचेच. तिथे ध्वनिमुद्रणाचा ३ वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

खासगी कोर्सला जाताना मात्र चकचकीत माहितीपत्रकावर भाळू नका. सरळ विचारा : एका बॅचमध्ये किती जण? आठवड्यात किती तास मिक्सर माझ्या हातात? खरा गायक, खरा वादक समोर असेल का? उत्तर गोलमोल आलं, तर चहा पिऊन परत या.

आणखी एक, कान जपा. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानतात. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटांवर येते. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचताना हे आठवा. मिक्सर बिघडला तर दुसरा घेता येतो. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

सुरुवातीला मुंबई गाठायचीही गरज नाही. येत्या एकादशीला गावच्या भजनात मोबाइल घेऊन बसा. एक अभंग टाळकऱ्यांजवळ रेकॉर्ड करा, दुसरा बुवांसमोर, तिसरा देवळाच्या दारातून. घरी हेडफोन लावून तिन्ही ऐका आणि फरक वहीत लिहा. महिनाभर हे करूनही कंटाळा आला नाही, तर दिवा-रोहा गाडी पकडून स्टुडिओचं दार खुशाल ठोठवा. घरच्यांनाही तीच वही दाखवा. तुमचं हे खूळ दोन दिवसांचं नाही, एवढं तरी त्यांना कळेल.