लेण्यांतील अक्षरे आणि संगणकातील नोंदवही

माजी विद्यार्थ्यांची सूची संगणकावर चढविण्याचे काम हाती घेतले, तेव्हा पहिल्याच छापील पानावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटल्या. इंग्रजी आकड्यांतील दूरध्वनी क्रमांक शाबूत होते. जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींची नावे तेवढी नाहीशी झाली होती. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु नोंदीतून नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून कारणाच्या मुळाशी जाणे भाग पडले.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. एका बाइटमध्ये २५६ भिन्न अंक मावतात आणि रोमन लिपीचे तेवढ्यात भागते. आमच्या डेटाबेसचे टेबल ‘लॅटिन१’ या जुन्या अक्षरसंचावर बेतलेले होते. त्यात देवनागरीला जागाच नाही. जे अक्षर संचात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते, आणि मूळ नाव त्यातून पुन्हा काढता येत नाही.

यावरचा उपाय युनिकोड. त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो आणि ‘यूटीएफ-८’ ही पद्धती तो क्रमांक एक ते चार बाइटांत लिहिते. देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘लेण्याद्री’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. पण व्यंजने, हलन्त आणि काना-मात्रा वेगवेगळे मोजले की चिन्हे दहा आणि बाइट तीस होतात. नावाच्या रकान्याची लांबी ठरविताना डोळ्यांवर विसंबू नये, ते यासाठी.

येथवर काम सरळ होते. पुढे आम्ही परिसरातील शिलालेखांच्या नोंदीही त्याच डेटाबेसमध्ये, मूळ ब्राह्मी लिपीत, घेण्याचे ठरविले. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पाणपोढी दान दिल्याचा लेख आहे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे. परदेशी दात्याचे नाव आपल्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षे टिकले. आमच्या संगणकात मात्र ते एक दिवसही टिकेना!

कारण असे की ब्राह्मी लिपी युनिकोडमध्ये २०१० साली आली आणि तिचे क्रमांक इतके मोठे आहेत की प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. ‘इरिल’ देवनागरीत बारा बाइटांचा, ब्राह्मीत सोळांचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने जो संच मिळत असे, तो तीनच बाइटांपर्यंत जातो. नाव पूर्ण, आवाका अपुरा. ही फसगत आमच्याही वाट्याला आली. व्यवस्था कडक असेल तर अशी नोंद नाकारली जाते. सैल असेल तर मजकूर तुटतो किंवा पुन्हा प्रश्नचिन्हे पडतात. चार बाइटांसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच निवडावा लागतो. तो २०१० सालीच आला. आवृत्ती ८ पासून तोच मूळ निवड म्हणून मिळतो.

संच केवळ टेबलाला लावून भागत नाही. डेटाबेस, टेबल, प्रत्येक रकाना आणि नोंद भरणाऱ्या प्रोग्रामची डेटाबेसशी होणारी जोडणी, या सर्वांची भाषा एक हवी. जोडणी विसरली तर बाकी सारे ठीक असूनही घोळ होतो. आमचा एक आठवडा त्यातच गेला. जुन्या आवृत्तींत आणखी एक अडचण येते. इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा असे, त्यामुळे तीन बाइटांच्या हिशेबाने २५५ चिन्हांचा रकाना मावे, चारच्या हिशेबाने १९१ चिन्हांचाच. बदल करण्यापूर्वी संपूर्ण प्रत काढून ठेवावी, हे सांगणे नलगे.

प्रश्नचिन्हे झालेली नावे आम्ही जुन्या हजेरीपटांवरून पुन्हा हाताने भरीत आहोत. काही पटांची पाने वाळवीने खाल्ली आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांना सूचीत आपले नाव, वडिलांचे नाव किंवा गाव चुकीचे अथवा अपुरे आढळेल, त्यांनी ते सुवाच्य देवनागरीत लिहून शाळेच्या कार्यालयात द्यावे.