गेरहार्ड गेंट्सेन

गेरहार्ड कार्ल एरिख गेंट्सेन (२४ नोव्हेंबर, १९०९ - ४ ऑगस्ट, १९४५) हे जर्मन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. गणितातील सिद्धतांचाच गणिती पद्धतीने अभ्यास करणाऱ्या 'सिद्धता सिद्धांत' या शाखेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. अंकगणिताच्या सुसंगतीची त्यांनी १९३६ साली दिलेली सिद्धता विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

गेंट्सेन यांचा जन्म उत्तर जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे झाला. त्यांचे वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले. गेंट्सेन यांचे उच्च शिक्षण मुख्यत्वे ग्यॉटिंगेन येथे झाले. तेथे त्यांना पाउल बेर्नाइस यांचे मार्गदर्शन लाभले. बेर्नाइस ज्यू असल्याने १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले, तेव्हा प्रबंधाचे औपचारिक मार्गदर्शक म्हणून हेर्मान वाइल यांचे नाव आले. त्याच वर्षी गेंट्सेन यांना डॉक्टरेट मिळाली. १९३५ पासून ते डाव्हिट हिल्बर्ट यांचे साहाय्यक होते.

गेंट्सेन १९३३ साली 'एस.ए.' या नाझी निमलष्करी संघटनेचे व १९३७ साली नाझी पक्षाचे सदस्य झाले. मात्र बेर्नाइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुढेही चालू होता.

कार्य

गेंट्सेन यांच्यापूर्वीच्या तर्कपद्धती काही मूलविधानांपासून सुरू होत. परंतु गणितज्ञ प्रत्यक्षात तसा विचार करीत नाहीत. ते 'समजा' म्हणून एखादे विधान तात्पुरते मानतात आणि त्यातून निष्कर्ष काढतात. उदाहरणार्थ, समजा एक संख्या ६ ने विभाज्य आहे. मग ती ३ च्या दुपटीची पट ठरते, म्हणजेच सम असते. आता तात्पुरते गृहीतक मागे घेऊन 'संख्या ६ ने विभाज्य असेल, तर ती सम असते' असे म्हणता येते. या रीतीला गेंट्सेन यांनी काटेकोर नियमांत बसविले. ही पद्धत 'नैसर्गिक निगमन' या नावाने ओळखली जाते.

त्याच प्रबंधात त्यांनी 'सीक्वेंट कलन' ही दुसरी पद्धत मांडली. तीत प्रत्येक पायरीवर गृहीतके डावीकडे व निष्कर्ष उजवीकडे लिहितात. या पद्धतीविषयीच्या त्यांच्या 'मुख्य सिद्धांता'नुसार, शुद्ध तर्कशास्त्रात मधल्या एखाद्या साहाय्यक विधानाचा आधार घेऊन केलेली सिद्धता त्या आधाराविना पुन्हा रचता येते. अशी सिद्धता फार लांबू शकते. पण तिच्यातील प्रत्येक सूत्र अंतिम विधानाच्या घटकांतूनच घडलेले असते.

अंकगणिताची सुसंगती

अंकगणितात परस्परविरोधी विधाने कधीही सिद्ध होणार नाहीत, हे दाखवावे, अशी हिल्बर्ट यांची अपेक्षा होती. कुर्ट ग्योडेल यांनी १९३१ साली दाखवून दिले, की अंकगणित सुसंगत असेल, तर त्याच्याच साधनांनी हे सिद्ध करणे अशक्य आहे. गेंट्सेन यांनी या मर्यादेला बाध न आणता मार्ग काढला. गणितीय विगमन १, २, ३ अशा संख्यांच्या क्रमाने चालते. त्यांनी ते नैसर्गिक संख्यांच्या पलीकडील, 'एप्सिलॉन-शून्य' या अनंत क्रमसूचकापर्यंत वाढविले. या एका तत्त्वाखेरीज सिद्धतेतील उर्वरित साधने साधीच होती. १९४३ च्या लेखात त्यांनी सिद्ध केले, की एप्सिलॉन-शून्यापेक्षा लहान प्रत्येक टप्प्यापर्यंतचे विगमन अंकगणितात सिद्ध करता येते, परंतु एप्सिलॉन-शून्यापर्यंतचे येत नाही. अशा रीतीने अंकगणिताचे सामर्थ्य नेमके मोजता आले.

अखेर

१९३९ साली गेंट्सेन यांना लष्करी सेवेत जावे लागले. प्रकृती बिघडल्याने ते त्यातून मुक्त झाले आणि १९४३ पासून प्रागमधील जर्मन विद्यापीठात अध्यापन करू लागले. मे १९४५ मध्ये प्रागमध्ये जर्मन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा इतर जर्मन प्राध्यापकांसह त्यांना अटक झाली. तीन महिन्यांनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला.

प्रभाव

नैसर्गिक निगमन आज तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सर्रास शिकविले जाते. त्यातील सिद्धता आणि संगणकीय प्रोग्राम यांच्यात थेट साधर्म्य असल्याचे पुढे आढळून आले. गणिती सिद्धता तपासणाऱ्या अनेक संगणक प्रणाली याच साधर्म्यावर आधारलेल्या आहेत.