संथ चित्रपटाचे गुणदोष

'मृच्छकटिका'तील शर्विलक पेडणे-डिचोलीच्या नाट्यप्रेमी मंडळींना ठाऊक आहेच. भिंत फोडण्यापूर्वी तो भोकाच्या आकाराचा विचार करतो, जानव्याने माप घेतो. आणि चोरी करतो ती मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी. त्या संथ प्रवेशात चोरीपेक्षा चोरच आपल्याला अधिक कळतो.

ज्यूल्स डॅसिन यांचा 'रिफिफी' हा १९५५ सालचा फ्रेंच चित्रपट याच जातीचा होय. चार माणसे वरच्या मजल्याची जमीन फोडून पॅरिसमधील एका जवाहिऱ्याच्या दुकानात उतरतात. सुमारे अर्धा तास ना संवाद, ना संगीत! पडणाऱ्या चुन्याचा आवाज होऊ नये म्हणून भोकातून छत्री खाली सोडून उघडतात. या संथपणातच चित्रपटाचे बळ आहे. प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या हातांतून उमगतो. पुढे त्यांतील एकजण चोरलेली अंगठी एका गायिकेला देतो आणि सर्वांचा घात होतो. तो मोह आपणांस खरा वाटतो, कारण त्या माणसाची ओळख आधीच झालेली असते.

दोषही आहेत. आरंभ रेंगाळतो, उत्तरार्ध नेहमीच्या सूडकथेच्या वळणाने जातो, आणि स्त्रीपात्रांना स्वभावच दिलेला नाही.

तात्पर्य, माणूस उलगडत असेल तरच संथपणा हा गुण. मात्र कौशल्याला दाद देताना आपण चोरीलाच दाद देत नाही ना, हे विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावे. चौघांपैकी शेवटी एकही जिवंत राहत नाही.