संगणक नवा झाला, फोटोंची डबी रुसली!

सणावाराची आवराआवर झाली, की जुने फोटो पाहायची हुक्की घरात कुणाला तरी येतेच. पूर्वी त्यासाठी ट्रंकेतला अल्बम काढावा लागे. आता कितीतरी घरांत तो अल्बम तळहाताएवढ्या काळ्या डबीत जाऊन बसला आहे. तिचं नाव एक्स्टर्नल हार्ड डिस्क, म्हणजे संगणकाला बाहेरून वायरने जोडायची साठवण. मुलीचं बारसं, धाकट्याची मुंज, सासूबाईंची पंचाहत्तरी, घराच्या कागदांच्या प्रती, सगळं तिच्यातच!

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबवली आणि अनेक घरांतल्या संगणकांवर ‘विंडोज ११’ आली. पडद्यावर सगळं चकचकीत दिसू लागलं. पण डबी जोडावी, तर संगणक तिला ओळखच देईना! किंवा त्याहून वाईट म्हणजे, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ असं इंग्रजीत विचारू लागला. काळजात धस्स होणारच.

भगिनींनो, आधी घाबरू नका. प्रणाली बदलली म्हणून डबीतलं सामान सहसा कुठं जात नाही. नवी सून घरात आली म्हणून माळ्यावरची भांडी थोडीच नाहीशी होतात? काय कुठं ठेवलंय, हे तिला ठाऊक नसतं, इतकंच!

खरा धोका असतो तो आपल्या घाईचा. ‘फॉरमॅट’ म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. ‘इनिशियलाइज’ म्हणजे जुनी मांडणी मोडून नवी करणं. पडद्यावर हे शब्द दिसले, तर ‘कॅन्सल’ दाबायचं. मग पुढचे उपाय याच क्रमाने करून पाहा.

सोपे उपाय आधी

१. संगणक ‘रीस्टार्ट’ करा. नुसता बंद करून चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणाली पुरती मिटत नाही. ‘रीस्टार्ट’ने ती नव्याने सुरू होते.

२. वायर बदला. डबी चांगली आणि वायर खराब, असं पुष्कळदा निघतं. मात्र वायर माहिती वाहून नेणारी हवी. मोबाइलच्या काही वायरी नुसत्या चार्जिंगच्याच असतात.

३. यूएसबीची खाच बदला. एकाच्या चार खाचा करणारा हब मध्ये असेल, तर तो काढा आणि डबी सरळ संगणकाला जोडा. लहान डबी आपली वीज याच खाचेतून घेते. ती कमी पडली, तर दिवा लागतो पण काम होत नाही. मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर लागतो, तो लावलाय ना, हेही पाहा.

४. डबी दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. शेजारच्या घरी ती नीट उघडली, तर डबी ठणठणीत आहे, दोष आपल्या संगणकात आहे.

हरवलेलं अक्षर

संगणक प्रत्येक साठवणीला सी, डी, ई असं एक अक्षर देतो. कधी कधी डबीला अक्षरच मिळत नाही आणि ती असूनही दिसत नाही. अशा वेळी ‘स्टार्ट’च्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. डबी तिथं दिसते आहे, पुढं ‘हेल्दी’ लिहिलंय, पण अक्षर नाही, असं असेल तर निम्मं काम झालंच. त्या चौकटीवर उजवं बटण दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा, मग ‘अॅड’ करून एखादं मोकळं अक्षर द्या. एवढ्याने फोटोंना धक्का लागत नाही.

तिथं ‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ दिसलं, तर मात्र हात आवरा. डबी काढून ठेवा. तीत काही नवं भरू नका.

आवाज आणि कुलूप

डबीतून टक्‌टक्‌ असा आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करा. आतली चकती वाचणारा भाग बिघडल्याची ती खूण असू शकते. पुन्हापुन्हा लावून पाहिलं, तर जे वाचण्यासारखं आहे तेही जायचं. अशी डबी माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी. खर्च किती येईल, हे आधी विचारावं, आणि ‘न विचारता फॉरमॅट करू नका’ असं कागदावर लिहून द्यावं.

संगणक परवलीचा शब्द मागत असेल, तर डबीला पूर्वी ‘बिटलॉकर’चं कुलूप घातलेलं असणार. शब्द आठवत नसेल, तर ४८ आकडी किल्ली लागते. ती जुन्या कागदांत किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शोधा. सापडली, की दागिन्यांच्या पावत्यांबरोबर लिहून ठेवा.

मुलाकडे अॅपलचा मॅक असेल, तर आणखी एक घोटाळा होतो. विंडोजवर ‘एनटीएफएस’ पद्धतीने मांडलेली डबी मॅकवर वाचता येते, पण तीत नवं काही ठेवता येत नाही. हा बिघाड नव्हे, दोघांची पद्धत वेगळी!

डबी उघडली, तर?

मग फोटो बघत बसू नका! आधी सगळ्याची दुसरी प्रत काढा. लोणचं आपण एकाच बरणीत भरून ठेवत नाही. बुरशी लागली, तर वर्षाची बेगमी जाते. तसंच हे. एक प्रत संगणकात, दुसरी डबीत आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे माहेरी, बहिणीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत असावी.

यापुढे संगणकावर नवी प्रणाली चढवायची असेल, तेव्हा डबी आधी ‘इजेक्ट’ करून काढून ठेवा. दुकानदाराच्या हाती संगणक द्याल, तेव्हा डबी घरीच राहू द्या. लोणचं पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतं, सासूबाईंची पंचाहत्तरी पुन्हा येत नाही.