घोडेस्वाराची तलवार: वाकडी, वजनदार आणि धारदार?

घोडेस्वाराची तलवार वाकडीच असणार, हे आपण सिनेमे आणि कॅलेंडरवरची चित्रं पाहून धरूनच चालतो. इंग्रजांच्या फौजेने मात्र १७९६ साली घोडदळासाठी एकदम दोन तलवारी मंजूर केल्या. हलक्या घोडदळाला वाकडी, ल मार्शां नावाच्या अधिकाऱ्याने पुढाकार घेऊन बनवलेली. भारी घोडदळाला ऑस्ट्रियन नमुन्यावरून उचललेली सरळ. नेपोलियनचे छातीला चिलखत बांधलेले स्वारही लांब, सरळ पातंच वापरत. आणि आपली धोप तरी कुठे वाकडी होती? सरळ, लांब आणि पुष्कळदा युरोपातून आलेलं पातं, त्याला मूठ इथली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात विकत घेतली, तिचंही पातं युरोपीय घडणीचं आहे. त्यावर रघुजींचं नाव मात्र सोन्याच्या देवनागरी अक्षरांत.

फरक कामाचा असतो. वाकडं पातं वार बसताना सरकत कापत जातं, सरळ पात्याने लांबून भोसकता येतं. दोन्ही कामं एकाच हत्याराकडून करून घेण्याच्या हट्टापायी इंग्रजांनी १८२१ आणि १८५३ साली किंचित बाक असलेले मधले नमुने काढले. तडजोड होती, आणि तडजोडीसारखीच निघाली.

वजनाबद्दल काय बोलावं! व्हॉट्सॲपवर पन्नास-साठ किलोच्या तलवारी सर्रास फिरतात. १७९६ ची ती वाकडी तलवार किलोभरही भरत नाही. घोडदळाच्या बहुतेक तलवारी दीड किलोच्या आतल्याच. एका हातात लगाम धरून दुसऱ्या हाताने तासन्‌तास चालवायची वस्तू याहून जड असून भागणारही नाही. पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हीसुद्धा अशीच एक लोणकढी. पन्हळीमुळे पोलाद कमी लागतं, वजन घटतं आणि पात्याचा ताठपणा टिकतो, इतकंच.

सगळ्यात चिवट समज धारेचा. हिंदुस्थानी तलवारीने हात-मुंडकी एका वारात उडत, तिथे इंग्रजांची तलवार नुसती खरचटायची. म्हणजे आपल्या पोलादातच काही गुपित असणार, असं मानलं जातं. आपलं पोलाद चांगलं होतं यात वाद नाही. पण हा फरक कुठून येई, याचा छडा लुई नोलन या इंग्रज कॅप्टनने लावला. निजामाच्या स्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमांची वर्णनं कळल्यावर त्याने त्यांच्या तलवारी मुद्दाम पाहिल्या. निघाल्या काय, तर इंग्रज फौजेनेच मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या लहान, चपट्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्यानं केली होती. इंग्रज शिपाई तेच पातं लोखंडी म्यानात ठेवी, कवायतीत दिवसभर काढी-घाली, आणि दर वेळी धार म्यानाच्या धातूवर घासे. निजामाचे स्वार लढाईखेरीज तलवार म्यानाबाहेर काढतच नसत. वाराची खास तालीम देता का, असं नोलनने विचारलं, तेव्हा एका म्हाताऱ्या स्वाराने सांगितलं की तसं काही शिकवत नाही, धार असली की तलवार कोणाच्याही हातात कापते.

नोलनने हे सगळं १८५३ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढच्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध चढाईत सुरुवातीलाच तो तोफेच्या माऱ्यात पडला. लोखंडी म्यानं त्यानंतरही शिपायांच्या कमरेला राहिली. ती टिकाऊ होती आणि संचलनात चकाकत, हे फौजेला धारेपेक्षा मोलाचं वाटलं असावं.

इंग्रजांचा वार की भोसकणं हा वाद शेवटी १९०८ साली मिटला. त्या वर्षीची तलवार अगदी सरळ, निमुळती, निव्वळ भोसकण्यासाठी. हिंदुस्थानी स्वारांसाठी तिची लहान मुठीची वेगळी आवृत्तीही निघाली. घोडदळाची आजवरची सर्वांत चांगली तलवार म्हणून जाणकार आजही तिची तारीफ करतात. पण तोवर मशीनगन येऊन बराच काळ लोटला होता.