वेगमापक कॅमेरा व्हॅन

वेगमापक कॅमेरा व्हॅन म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांचा वेग मोजणारे आणि वेगमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनांचे चित्रण करणारे फिरते वाहन होय. खांबावर कायमचा बसवलेला कॅमेरा एकाच जागी राहतो. व्हॅन मात्र काही तास एका ठिकाणी थांबून दुसरीकडे जाते. ग्रेट ब्रिटनमध्ये ही पद्धत विशेष रुळलेली असून तिच्याविषयी चालकांमध्ये असलेली नाराजीही तितकीच जुनी आहे. भारतात याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पोलीस वाहनांना सामान्यतः ‘इंटरसेप्टर’ म्हणतात.

पूर्वपीठिका

वेग मोजणारे पोलीस आणि त्यांना चुकवू पाहणारे चालक यांचा संघर्ष कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारकार कायद्याने ताशी २० मैल (सुमारे ३२ किलोमीटर) ही वेगमर्यादा ठरवली. पोलीस रस्त्यावर ठरावीक अंतर आखून घेत, झुडपाआड किंवा कुंपणामागे बसत आणि घड्याळ लावून मोटारीला ते अंतर कापण्यास किती वेळ लागला हे पाहत. अशा सापळ्यांपासून चालकांचा बचाव करण्याच्या हेतूने १९०५ मध्ये लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. रस्त्यात बिघडलेल्या गाड्यांना मदत करणारी म्हणून ती आज ओळखली जाते, पण तिचे पहिले काम सायकलस्वार सेवक ठेवून पुढील सापळ्याची सूचना देणे हे होते.

वेगात येणाऱ्या चालकाला असा इशारा देणे हा पोलिसांच्या कामातील अडथळा ठरू शकतो, असा निर्णय १९१० मध्ये न्यायालयाने दिला. त्यावर संस्थेने नामी तोड काढली. सेवकाने सभासदाच्या गाडीला सलाम करायचा ही रीत होतीच. आता सभासदांना कळवण्यात आले की सेवकाने सलाम केला नाही, तर गाडी थांबवून त्याचे कारण विचारावे. सलाम न करणे हा गुन्हा ठरवणे कोणत्याही न्यायालयाला कठीण होते.

आधुनिक वेगकॅमेऱ्याच्या जन्माची कथाही अशीच उलटी आहे. डच मोटारशर्यतपटू मॉरिस गात्सोनिडेस यांनी १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणांवर आपली गाडी आणखी वेगाने कशी काढता येईल हे तपासण्यासाठी त्यांनी वेगमापक यंत्र तयार केले. त्याच यंत्रापासून पुढे पोलिसांचे कॅमेरे विकसित झाले. ब्रिटनमध्ये अशा कॅमेऱ्यांना आजही त्यांच्या नावावरून ‘गात्सो’ म्हटले जाते.

ब्रिटनमधील प्रसार

१९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने कॅमेऱ्याने टिपलेला पुरावा न्यायालयात ग्राह्य ठरवला आणि नव्वदच्या दशकात स्थिर कॅमेरे बसू लागले. त्यांचा खर्च स्थानिक यंत्रणांना परवडत नसे, म्हणून एप्रिल २००० पासून आठ भागांत एक प्रयोग सुरू झाला. पोलीस, स्थानिक प्रशासन आणि न्यायालये यांची भागीदारी करायची, दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च वळता करायचा आणि उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत भरायची, अशी ही व्यवस्था होती. पुढे ती बहुतेक देशभर लागू झाली आणि याच काळात रस्त्यांवर कॅमेरा व्हॅन मोठ्या संख्येने दिसू लागल्या.

या व्यवस्थेमुळे कॅमेऱ्यांसाठी पैसा उपलब्ध झाला, पण त्यांची प्रतिष्ठा गेली. जो दंड गोळा करतो त्याचाच खर्च दंडातून भागतो, ही गोष्ट चालकांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. व्हॅन म्हणजे पैसे काढण्याचे यंत्र, हा समज तेव्हा जो बसला तो आजतागायत गेलेला नाही. वस्तुतः २००७ मध्ये ही पद्धत बंद झाली. तेव्हापासून दंडाची रक्कम केंद्रीय तिजोरीत जाते. तथापि, दंडाऐवजी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणवर्गाच्या शुल्कातील काही भाग खर्चभरपाई म्हणून पोलीस यंत्रणेला मिळतो, त्यामुळे चालकांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही.

कार्यपद्धती

व्हॅन सहसा रस्त्याकडेच्या थांब्यावर, रुंद पदपथालगत किंवा द्रुतगती मार्गावरील पुलावर उभी असते. कॅमेरा बहुधा मागील खिडकीतून बाहेर पाहतो. आत बसलेला कर्मचारी प्रशिक्षित असतो, पण तो पोलीसच असतो असे नाही.

वेग मोजण्यासाठी प्रामुख्याने लेसर यंत्र वापरतात. यंत्रातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अनेक स्पंद पाठोपाठ सोडले जातात. ते गाडीवर आदळून परत येतात आणि येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. गाडी ३०० मीटरवर असेल तर हा प्रवास एका सेकंदाच्या सुमारे पाच लाखाव्या भागात पूर्ण होतो. एकापाठोपाठच्या स्पंदांतून मिळालेली अंतरे किती झपाट्याने बदलतात यावरून वेग काढला जातो. हे सारे एका सेकंदाहूनही कमी वेळात घडते. चालकाला व्हॅन दिसून त्याचा पाय ब्रेककडे जाईपर्यंत नोंद बहुधा झालेली असते.

यंत्र रस्त्याच्या कडेला, म्हणजे गाडीच्या मार्गाशी किंचित तिरक्या कोनात असते. त्यामुळे मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच भरतो, आणि ही त्रुटी चालकाच्या फायद्याची असते. याउलट प्रकाशाचा ठिपका गाडीच्या एकाच भागावर न राहता तिच्या बाजूवरून घसरत गेला, तर आकडा चुकू शकतो. विसंगत वाचने यंत्राने आपोआप टाकून द्यावीत अशी त्याची रचना असते, पण न्यायालयांतील अनेक वाद याच मुद्द्याभोवती फिरले आहेत. ब्रिटिश कायद्यानुसार केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणालाही वेगाबद्दल दोषी ठरवता येत नाही. म्हणून ही गाडी वेगात आहे असे कर्मचाऱ्याने आधी डोळ्यांनी ठरवायचे आणि यंत्राने त्याला दुजोरा द्यायचा, असा क्रम अपेक्षित आहे.

दंड आणि दंडगुण

नोंद झाल्यावर १४ दिवसांच्या आत वाहनाच्या नोंदणीकृत धारकाला नोटीस पोहोचावी लागते. गाडी कोण चालवत होते हे त्याने कळवायचे असते आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशी सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे काय, हा प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. २००७ मध्ये त्या न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

किमान शिक्षा १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण अशी आहे. वेग थोडाच जास्त असेल तर दंडगुणांऐवजी काही तासांचा प्रशिक्षणवर्ग करण्याची मुभा मिळू शकते. तीन वर्षांत बारा गुण साठले की सामान्यतः परवाना निलंबित होतो. नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत सहा गुण झाल्यास रद्दच होतो. पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मर्यादेवर दहा टक्के आणि आणखी दोन मैल इतकी सूट साधारणपणे दिली जाते. त्यामुळे ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ पासून कारवाई सुरू होते, पण ही सूट हक्क म्हणून मागता येत नाही.

चालकांना दंडाच्या रकमेपेक्षा या गुणांची धास्ती अधिक असते. मालवाहू गाडी, टॅक्सी किंवा घरपोच सामानाची व्हॅन चालवणाऱ्याच्या दृष्टीने परवाना म्हणजे पोटापाण्याचे साधन असते. गुण टाळण्यासाठी माणसे कुठवर जातात याचे उदाहरण ब्रिटिश राजकारणात घडले. पुढे मंत्री झालेले क्रिस ह्यून यांच्या गाडीची २००३ मध्ये वेगकॅमेऱ्यात नोंद झाली होती आणि ते गुण त्यांच्या तत्कालीन पत्नीने आपल्या नावावर घेतले होते. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, न्यायप्रक्रियेत बाधा आणल्याबद्दल दोघांनाही आठ-आठ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

चालकांची भावना

व्हॅनविषयीची भावना एकजिनसी नाही. वेगावर लक्ष ठेवावे का, असे विचारल्यास बहुसंख्य लोक होकार देतात. तोच चालक घरी नोटीस आली की चिडतो. यात केवळ ढोंग आहे असे समजणे योग्य ठरणार नाही. स्वतः चाकामागे असताना माणसाला आपल्या कौशल्याचा भरवसा असतो, तर दाराबाहेर उभा असताना त्याला दुसऱ्याच्या कौशल्याची खात्री नसते. ज्या गावातून मुख्य रस्ता जातो तेथील रहिवासी व्हॅन हवी म्हणून अर्ज करतात. काही गावांत रहिवासी स्वतःच फ्लुरोसंट जाकिटे घालून हातातील यंत्राने वेग मोजतात आणि त्यांच्या नोंदींवरून पोलीस चालकांना ताकीदपत्र पाठवतात. त्यांच्या मागणीमागचे गणित साधे आहे. ब्रिटनच्या अधिकृत वाहनचालक पुस्तिकेनुसार ताशी ३० मैल वेगाची गाडी थांबण्यास एकूण २३ मीटर लागतात, तर ४० मैलांच्या गाडीला ३६ मीटर. रस्त्यात धावून आलेले मूल या १३ मीटरांत असू शकते.

तक्रारींपैकी काही मात्र गंभीरपणे घेण्याजोग्या आहेत. पहिली तक्रार जागेविषयी असते. शाळेसमोर उभी असलेली व्हॅन कोणालाही समजते, परंतु रुंद, सरळ, उताराच्या रस्त्यावर, जेथे मर्यादा नुकतीच कमी होते तेथे ती उभी असली की चालकाला आपण अडकवले गेलो असे वाटते. इंग्लंडमध्ये रस्त्यावर दिवे असले की अन्य फलक नसल्यास मर्यादा ३० मैल समजायची असते आणि वाटेत पुन्हा पुन्हा फलक लावले जात नाहीत. हा नियम परीक्षेपुरता पाठ करून विसरलेल्यांची संख्या मोठी आहे.

दुसरी तक्रार वेळेची आहे. रस्त्यात थांबवून पोलिसाने ताकीद दिली तर चूक आणि कानउघाडणी एकाच क्षणी घडतात. व्हॅनची नोटीस दहा-बारा दिवसांनी येते, तोवर त्या दिवशीचा प्रवासही आठवत नाही. त्या दहा दिवसांत तो चालक त्याच रस्त्याने तशाच वेगाने रोज गेला असेल, तर धडा मिळाला कोणाला, हा प्रश्न रास्त आहे.

तिसरी तक्रार लपण्याची. ब्रिटनमधील व्हॅनवर सामान्यतः ठळक पट्टे व कॅमेऱ्याचे चिन्ह असते आणि अनेक भागांत थांबण्याच्या जागांची यादी आधीच जाहीर केली जाते. तरीही झाडाआड किंवा वळणानंतर उभी असलेली व्हॅन संताप ओढवून घेते. समोरून येणाऱ्यांना दिवे लुकलुकवून सावध करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. १९१० च्या वादाचेच हे पुढचे रूप असून, २००५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याला वेगळे वळण दिले. सावध केले गेलेले चालक मर्यादा ओलांडत होते किंवा ओलांडण्याच्या बेतात होते हे सिद्ध झाल्याविना इशारा देणाऱ्याला दोषी ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

परिणामकारकतेचा वाद

कॅमेऱ्यांच्या ठिकाणी गंभीर जखमी व मृत यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली, असे ब्रिटिश सरकारसाठी तयार झालेल्या २००५ च्या अहवालात नमूद होते. टीकाकारांनी त्यावर एक सांख्यिकीय आक्षेप घेतला. कॅमेरे बसवायचे ते जेथे नुकतेच जास्त अपघात झाले तेथेच, आणि अशा जागी अपघात काही केले नाही तरी पुढे थोडे कमी होतातच. एखाद्या चाचणीत वर्गात सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलाला पुढच्या चाचणीत बहुधा थोडे अधिक गुण मिळतात आणि श्रेय शिकवणीला दिले जाते, तसाच हा प्रकार. अहवालाच्याच परिशिष्टात हा मुद्दा तपासलेला होता आणि तो वजा केल्यास उरणारी घट बरीच लहान असल्याचे मान्य केले होते. लहान असली, तरी ती शून्य नव्हती. २०१० च्या कॉक्रेन समीक्षेत ३५ अभ्यास तपासले गेले. त्यांत कॅमेऱ्यांमुळे वेग आणि अपघात घटल्याचे आढळले, मात्र अभ्यासांचा दर्जा अधिक चांगला हवा होता असेही समीक्षकांनी नोंदवले.

व्हॅनची विशेष अडचण अशी की ती गेली की तिचा धाकही हळूहळू ओसरतो. यावर दोन परस्परविरोधी उपाय आहेत. ब्रिटनने व्हॅन दिसावी यावर भर दिला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८९-९० पासून ओळखू न येणाऱ्या गाड्यांतून वेग मोजण्याचा मार्ग धरला. पहिल्या पद्धतीत चालक त्या जागेपुरता हळू होतो. दुसरीत तो सर्वत्र सावध राहणे अपेक्षित असते, पण सरकारवरील त्याचा विश्वास कमी होतो. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२० मध्ये फिरत्या कॅमेऱ्यांपुढचे सूचनाफलक काढले, दंडाची वसुली प्रचंड वाढली आणि जनक्षोभानंतर थोड्याच वर्षांत फलक परत लावावे लागले.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात महामार्ग पोलीस आणि शहर वाहतूक पोलीस स्पीडगन बसवलेली इंटरसेप्टर वाहने वापरतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असून घाटात ती बरीच कमी आहे. या मार्गावर २०२४ पासून स्थिर कॅमेऱ्यांची यंत्रणाही कार्यरत झाली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिवेगासाठी हलक्या वाहनांना एक ते दोन हजार, तर मध्यम व अवजड वाहनांना दोन ते चार हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ई-चलानाचा संदेश मोबाइलवर येतो. अनेक वाहनमालक तो लोकअदालतीत तडजोड होईपर्यंत तसाच ठेवतात. ब्रिटनप्रमाणे परवान्यावर गुण साठण्याची पद्धत येथे रुळलेली नसल्याने इंटरसेप्टरची भीती मुख्यतः खिशापुरती राहते.

दिवे लुकलुकवून ‘पुढे पोलीस आहेत’ असे सांगण्याची रीत येथेही चांगलीच परिचित आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या नियम १६७ अ मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांनी देखरेख होत असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावणे बंधनकारक केले आहे. स्पीडगन हे साधनही या नियमाच्या व्याख्येत येते. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी किंवा उड्डाणपुलाच्या उतारावर उभ्या असलेल्या वाहनाआधी फलक होता की नव्हता, हा प्रश्न चलानाला हरकत घेणारा चालक आता विचारू शकतो.