टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, मग हनुवटीवर केस का?

मुलीच्या हनुवटीवर जाड केस येऊ लागतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही, गालांवर पुरळ. अम्मी तिला घेऊन शिरढोणहून पनवेलला जाते, रक्त तपासून आणते. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचा आकडा नॉर्मल असतो आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. केस मात्र वाढतच राहतात. मग घरातली एखादी बुजुर्ग बाई म्हणते, निकाह झाला की सगळं ठीक होईल. निकाहने हार्मोन बदलत नाहीत. आणि तो रिपोर्ट खोटा नसतो, अर्धा असतो.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन, असं आपण समजतो. ते बायकांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात बनतंच, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमध्ये. रक्तात ते एकटं फिरत नाही. यकृत, म्हणजे आपलं कलेजं, एक प्रथिन बनवतं, त्याचं नाव सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन. डॉक्टर त्याला थोडक्यात एसएचबीजी म्हणतात. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं, स्त्रीहार्मोन इस्ट्रोजेनला जरा सैल धरतं. बायकांमध्ये साधारण दोन तृतीयांश टेस्टोस्टेरॉन याच्याकडे बांधलेलं असतं. उरलेलं बरंचसं अल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला सैल चिकटलेलं, आणि अगदी मोकळं असं जेमतेम एक-दोन टक्के.

वर्गात सांगते तसं सांगते. गोवा हायवेवरून एसटी भरून चालली आहे. गाडीत बसलेला माणूस शिरढोणात कुणाच्या दाराची कडी वाजवू शकत नाही, खाली उतरलेलाच वाजवतो. आता प्रवासी तेवढेच, पण गाड्या निम्म्या केल्या तर? रस्त्यावर पायी माणसं वाढणार, दारं जास्त वाजणार. गाडी म्हणजे एसएचबीजी, आणि दार म्हणजे केसांचं मूळ किंवा त्वचेतली तेलग्रंथी. साध्या रिपोर्टमध्ये एकूण प्रवासी मोजलेले असतात, पायी किती ते नाही.

म्हणून डॉक्टर दोन्ही आकडे घेऊन हिशोब करतात: टेस्टोस्टेरॉन भागिले एसएचबीजी, गुणिले 100. दोन्ही आकडे नॅनोमोल प्रति लिटर या एकाच मापात हवेत. समजा दोन मुलींचं टेस्टोस्टेरॉन 1.5 आहे. एकीचं एसएचबीजी 60, तर उत्तर येतं 2.5. दुसरीचं 20, तर उत्तर 7.5. टेस्टोस्टेरॉन दोघींचं सारखंच, तरी त्रास दुसरीला. (नॉर्मलची सीमा लॅबनुसार बदलते, शेजारच्या मुलीच्या रिपोर्टशी तुलना करत बसू नका.)

हे प्रथिन कमी का होतं? सगळ्यात मोठं कारण म्हणजे रक्तात वाढलेलं इन्सुलिन आणि यकृतात साठलेली चरबी. इन्सुलिन इथे दोन्हीकडून मारतं: अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि यकृतात एसएचबीजी घटवतं. पीसीओएसमध्ये बहुतेक वेळा हेच चालू असतं. थायरॉईड मंद असेल तरीही ते घटतं, म्हणून ती तपासणी सोबत करतात.

‘पण आमची मुलगी तर बारीक आहे’ असं बऱ्याच आया म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. उंचीच्या हिशोबाने दोघांचं वजन सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो. त्यामुळे नुसता वजनकाटा बघून निश्चिंत होऊ नये.

हा काही दोन-चार घरांचा प्रश्न नाही. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या 15 ते 24 वर्षांच्या मुलींची पाहणी केली, ती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. एका निकषाने 22.5 टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला, दुसऱ्या कडक निकषाने 10.7 टक्के. कडक निकषात पुरुषी हार्मोनचा परिणाम दिसणं सक्तीचं असतं.

आता गोळीबद्दल, कारण घरात भांडण इथेच होतं. डॉक्टर कुमारिकेलाही कधी गर्भनिरोधक गोळी लिहून देतात आणि अब्बांना ते अजिबात आवडत नाही. त्या गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला जास्त एसएचबीजी बनवायला लावतं, शिवाय अंडाशयातलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. इथे ती गोळी या आजारावरचं औषध म्हणून दिलेली असते. तरी ती सगळ्यांना चालत नाही. घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल, मुलीला ऑरा असलेली अर्धशिशी असेल, तर आधी सांगावं. चालणं, व्यायाम, गोड शरबत-कोल्ड्रिंक कमी करणं, जास्त असलेलं वजन पाच-दहा टक्के उतरवणं यानेही एसएचबीजी वाढतं. रमजानच्या इफ्तारीत हे सांभाळणं अवघड जातं, मला माहीत आहे. केस मात्र लगेच जात नाहीत. फरक दिसायला सहा महिने तरी धरा, आणि तोवर थ्रेडिंग करायला हरकत नाही.

तपासणीला जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या. गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण ती चालू असताना एसएचबीजीचा आकडा फुगलेला येतो. नीट तपासणीसाठी ती साधारण तीन महिने बंद ठेवावी लागते, पण मनाने बंद करू नका. आणि मुलीची पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील, तर केवळ सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून पीसीओएसचा शिक्का मारून घेऊ नका. त्या वयात अंडाशय तसाच दिसू शकतो.